घरात एकाला झालं की सगळ्यांना होतं. ते नेमकं कुठे अडवायचं?

उंबरठा (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, गेल्या पंधरवड्यात आमच्या घरात उलट्या-जुलाब शिरले आणि एकेकाला आडवं करत गेले. आधी धाकटा, चार वर्षांचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी, त्याच रात्री थोरली, मग नवरा आणि सगळ्यांत शेवटी सासूबाई. त्यांचं वय ७८. दोन दिवस दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागलं. आता सगळे बरे आहेत, पण त्यांचा तो खोल गेलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी निष्काळजी नव्हते, म्हणून जास्त जिव्हारी लागलंय. पहिल्या उलटीपासून रोज दोनदा फिनाईलने लादी पुसली, सॅनिटायझरच्या बाटल्या चार ठिकाणी ठेवल्या, पाणी उकळून दिलं, दारांच्या कड्यासुद्धा पुसल्या. तरी घरातलं एक माणूस सुटलं नाही.

त्या रात्रीचं जसंच्या तसं लिहिते. रात्री दोनला तो अंथरुणातच ओकला. मी चादर गोळा केली, छातीशी धरून न्हाणीघरात नेली, झटकून बादलीत टाकली. जमिनीवर पडलं होतं ते ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं बेसिनमध्ये पिळलं, आम्ही सगळे दात घासतो त्याच बेसिनमध्ये. हाताला सॅनिटायझर चोळलं, त्याचं तोंड टॉवेलने पुसलं, टॉवेल परत खिळ्याला लावला, त्याला पाणी पाजलं आणि शेजारी आडवी झाले. सकाळी उठून सगळ्यांसाठी रांधायला लागले.

यातलं काय चुकलं? आणि उलट्या-जुलाबांचंच नव्हे, सर्दी-ताप, डोळे येणं, खरूज, हे सगळं घरात, ऑफिसात, शाळेत एकाकडून दुसऱ्याकडे जातं. ते अडवायला रोजच्या धबडग्यात खरोखर उपयोगाचं काय आहे? सल्ल्यांचा ढीग नको. ज्याने फरक पडतो तेवढंच सांगा.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ५:१०

उंबरठाताई, सासूबाई घरी आल्या हे वाचून हायसं वाटलं. मी परिचारिका आहे, बालरुग्ण विभागात २१ वर्षं काढली. तपासणीशिवाय नाव ठामपणे घेता येत नाही, पण तुम्ही सांगितलेला क्रम (एकाएकी उलट्या, एक-दोन दिवसांत पुढचा माणूस, लहानमोठं कुणीच सुटत नाही) नोरोव्हायरसशी जुळतो. पहारा तुम्ही भरपूर दिलात. फक्त चोर ज्या वाटेने येतो त्या वाटेवर तो नव्हता. प्रत्येक संसर्गाची वाट वेगळी असते. ती ओळखली की निम्मं काम होतं, म्हणून तुमच्या त्या रात्रीवरूनच बोलते.

सॅनिटायझर. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असतं. ६० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल ते आवरण फोडतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला हे आवरणच नाही, त्यामुळे सॅनिटायझर त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. इथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. साबणही त्याला मारत नाही, कातडीवरून सोडवतो, आणि पाणी त्याला वाहून नेतं. हा संसर्ग व्हायला अगदी थोडे, अठराएक कण पोटात गेले तरी पुरतात असा अंदाज आहे. एका उलटीत किती असतील त्याचा विचार करा. म्हणून "थोडंसं राहिलं असेल" याला इथे वाव नाही.

चादर झटकणं. मला वाटतं ही त्या रात्रीची सगळ्यांत महागडी हालचाल. उलटीचे बारीक तुषार उडतात आणि आजूबाजूच्या वस्तूंवर बसतात. चादर आतल्या बाजूला दुमडत गुंडाळायची, अंगापासून लांब धरायची, न झटकता वेगळी धुवायची. कापड सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, आणि पूर्ण वाळवायची.

फडकं. ओल्या फडक्याने उलटी पुसली की ती पसरते. आधी टाकून देता येईल अशा कागदाने टिपून घ्यायची, कागद पिशवीत, पिशवीला गाठ. मग ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलि म्हणजे साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) होतं. उलटी पडली त्या जागेसाठी १०० मिलिपर्यंत घ्यावं. निदान पाच मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं. हे पाणी त्या-त्या दिवशी ताजं करायचं, शिळ्यात जोर राहत नाही. फिनाईलच्या वासाने घर स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण या विषाणूवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगते. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं आम्ल, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही कधीच मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. दोन जालीम औषधं एकत्र केली की दुप्पट जालीम होतील, या समजुतीने जीव गुदमरून आलेली माणसं मी पाहिली आहेत. ब्लीच वापरताना खिडकी उघडी, हातात मोजे.

टॉवेल. तोंड पुसलेला टॉवेल परत खिळ्यावर गेला आणि सकाळी त्याला किती हात लागले असतील?

शेवटचं म्हणजे रांधणं. ज्याला स्वतःला उलट्या-जुलाब झाले त्याने ते थांबल्यापासून ४८ तास स्वयंपाकाला हात लावू नये, कामावर किंवा शाळेत जाऊ नये. घरात दुसरं कुणीच नसलं तर प्रत्येक वेळी साबणाने हात धुऊन, तोंडात थेट जाणाऱ्या न शिजवलेल्या गोष्टी टाळून करावं. आणि आजाऱ्याला जलसंजीवनी घोट घोट, सतत. लहान मूल सुस्त पडलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना, सात-आठ तासांत लघवी झाली नाही, म्हाताऱ्या माणसाला गरगरायला लागलं किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ९:०५

ताई, टॉवेलचं वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला. तो टॉवेल सकाळी सासूबाईंनीच वापरला होता. त्यांनी तसं मला नंतर सांगितलंही होतं, "ओला होता गं" म्हणून.

एक शंका आहे. थांबल्यावरही ४८ तास का? ज्याला बरं वाटतंय तो माणूस कसा पसरवेल?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:३०

स्वतःला लावून घेऊ नका. हे कुणी शिकवत नाही, सगळे ठेचा खाऊनच शिकतात.

बरं वाटणं आणि शरीरातून जंतू बाहेर पडणं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोरोव्हायरस बरं वाटल्यावरही विष्ठेतून दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस बाहेर पडतो. पहिले दोन दिवस सगळ्यांत धोक्याचे म्हणून ती ४८ तासांची मर्यादा. पुढेही संडासातून आल्यावर साबणाने हात धुणं सुटता कामा नये.

मेरी मॅलन ही न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण. तिला स्वतःला कसलाच त्रास नव्हता, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते आणि ती काम करत असलेल्या घरांत माणसं आजारी पडत होती. १९०७ मध्ये तिला पकडून वेगळं ठेवलं, १९१० मध्ये स्वयंपाकाचं काम न करण्याच्या अटीवर सोडलं. ती पुन्हा स्वयंपाकाच्याच कामाला लागली, तिथे पुन्हा टायफॉइड झाला आणि १९१५ पासून १९३८ मध्ये मरेपर्यंत ती एकटी कोंडलेली राहिली. धडधाकट माणूस जंतू बाळगून असू शकतो हे तिला कधीच पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर, अंगात काही दुखत-खुपत नसताना ते कुणाला सहज पटेल?

पाचवा मजला | मंगळवार, रात्री ८:२०

धागा उत्तम. माझा प्रश्न ऑफिसातल्या सर्दी-तापाचा. आमच्याकडे काचबंद खोली, चौदा माणसं, वातानुकूलन. एक जण खोकत येतो, आठवड्यात निम्मे खोकतात. सुट्टी मागितली की "एवढ्याशा सर्दीसाठी?" असं ऐकावं लागतं. मी टेबल रोज पुसतो. अजून काय करू? ताप उतरला की लगेच कामावर यावं का?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५५

टेबल पुसा, त्यात गैर काही नाही. पण तुमच्या खोलीत मुख्य वाट हवेची आहे. समजा कोपऱ्यात बसून कुणी सिगारेट ओढली, तर धूर कुठवर पोचेल? आजारी माणसाचा श्वास असाच पसरतो, फक्त तो दिसत नाही आणि त्याला वास नसतो. खोकल्याचे मोठे थेंब एक-दोन मीटरांत खाली पडतात, बारीक कण मात्र बंद खोलीत तरंगत राहतात. भिंतीवरचं साधं वातानुकूलन यंत्र बहुतेक वेळा आतलीच हवा थंड करून परत फिरवतं, बाहेरची आणत नाही. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, आरपार वारा वाहील एवढ्या. एकच उघडता येत असेल तर एक. बैठका शक्य तर छोट्या, मोकळ्या जागेत.

फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच पसरवायला लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. त्यामुळे "खोकतोय त्याच्यापासून लांब बसा" एवढं पुरत नाही, खिडकी रोजच उघडी हवी. तापाचं म्हणाल तर औषध न घेता पूर्ण २४ तास ताप नाही आणि एकूण बरं वाटतंय, मग यावं. आल्यावरही काही दिवस मास्क. आजारी माणसाने लावलेला मास्क उगमापाशीच अडवतो. शेजारच्यानेही लावला तर उत्तमच. खोकताना तळहात तोंडावर नेऊ नका, कोपराच्या आतली बाजू न्या. तळहात पुढच्या क्षणी दाराच्या मुठीवर जातो.

आणि फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, दमेकरी किंवा मधुमेही असेल तर टाळू नका.

पाचवा मजला | बुधवार, सकाळी १०:१५

खिडक्या उघडल्या. वर्षानुवर्षं बंद होत्या, दोन जाम निघाल्या. सुट्टीच्या बाबतीत वरिष्ठांशी बोलणार आहे. आजारी माणसाला घरी बसायची मुभा नसेल तर बाकी सगळ्या उपायांना भोक पडतं, असं मला हे वाचून वाटायला लागलंय.

खडूफळा | बुधवार, दुपारी ४:००

मी पहिली-दुसरीला शिकवते आणि वरच्या वाक्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. सकाळी तापाचं औषध पाजून मुलाला शाळेत सोडतात. नऊला हसत येतं, अकराला डोळे लाल, मान बाकावर. तोवर ते शेजारच्या दोघांच्या पेन्सिली चावून झालेलं असतं. मी आईवडिलांना दोष देत नाही. त्यांना सुट्टी नसते, घरी सांभाळायला कुणी नसतं. पण त्या अकराच्या तापलेल्या कपाळाला हात लावल्यावर माझ्या पोटात तुटतं.

हात धुण्याबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण ते मी रोज जवळून बघते. एकदा मी मुलांच्या तळव्यांवर पाण्याने निघेल असा रंग लावला, चांगला सुकू दिला आणि नेहमीसारखे हात धुऊन या म्हटलं. परत आले तेव्हा तळवे स्वच्छ, पण जवळजवळ प्रत्येकाच्या अंगठ्यावर, नखांच्या कडेला आणि बोटांच्या बेचक्यांत रंग तसाच. अंगठा म्हणजे तोच, जो तोंडात जातो! तेव्हापासून आम्ही अंगठ्याला दुसऱ्या मुठीत धरून फिरवतो, नखं तळहातावर घासतो आणि वीसपर्यंत सावकाश मोजतो. पाणी गार की गरम याने फरक पडत नाही. साबण "जंतुनाशक" असायचीही गरज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणांतून काढायला लावले, कारण ते साध्या साबणापेक्षा जास्त गुणकारी आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नाही.

दुसरं म्हणजे वाळवणं. ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा सहज पुढे जातात. आमच्या वर्गाबाहेर एकच सामायिक टॉवेल लटकायचा, सकाळी कोरडा आणि दुपारी पिळून काढावा असा. तो काढून टाकला. आता प्रत्येकाच्या दप्तरात हातरुमाल असतो, आणि तो घरी जाऊन रोज धुतला जातो की नाही हे मी सोमवारी वास घेऊन ओळखते.

आणि चेहरा. २०१५ मधल्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना व्याख्यान चालू असताना पाहिलं, तर ते तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावत होते. मोठी, शिकलेली मुलं ती. लहानांना "तोंडाला हात लावू नको" म्हणून काही होत नाही. हात स्वच्छ ठेवणं हेच हातात आहे.

निळी शाई | बुधवार, रात्री ९:३०

सगळं पटतंय, तरी एक विरोधी मत मांडतो. आपण फार घाबरायला लागलोय. लहानपणी आम्ही मातीत लोळलो, एकाच भांड्याने पाणी प्यायलो. मुलांना जंतूंची ओळखच झाली नाही तर प्रतिकारशक्ती येणार कुठून? अति स्वच्छतेमुळे ॲलर्जी वाढल्या असं शास्त्रच सांगतं ना? होऊ द्यावेत एक-दोन आजार.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ४:४५

निळी शाई, प्रश्न मोलाचा आहे आणि यातला अर्धा भाग खराही आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मांडलं की मोठ्या कुटुंबातल्या धाकट्या भावंडांना परागकणांची ॲलर्जी कमी होते, कदाचित लहानपणी एकमेकांकडून झालेल्या संसर्गांमुळे. पुढे विचार बदलत गेला. आता भर आहे तो माती, झाडं, प्राणी, माणसं यांच्या सहवासातून येणाऱ्या निरुपद्रवी जंतूंवर. मुलांना मातीत खेळू द्या, मनापासून खेळू द्या. त्यासाठी त्यांना जुलाब, गोवर किंवा डांग्या खोकला व्हावा लागत नाही.

गोवराचं तर उलटंच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची गोवराआधीची आणि नंतरची प्रतिपिंडं (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं) मोजली. इतर आजारांविरुद्ध आधी कमावलेली प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. म्हणजे तो आजार शक्ती देणं दूरच, आधीची शिदोरीही लुटून नेतो. त्यात गोवराचा विषाणू आजारी माणूस निघून गेल्यावरही खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. हात धुऊन तो अडत नाही. शंभरातल्या ९५ मुलांना लस मिळाली तरच तो पसरायचा थांबतो, आणि त्या ९५ जणांच्या आडोशाला लस घेता न येणारी तान्ही मुलं सुरक्षित राहतात.

"आम्ही वाचलो" असं आपण म्हणतो, कारण जे वाचले नाहीत ते बोलायला इथे नाहीत. माझ्या विभागात मी त्यांतली काही पाहिली आहेत. रागावून लिहीत नाहीये, खरंच.

हात धुण्याबद्दल माझ्या पेशाच्या इतिहासातलं एक सांगते. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरायच्या, इतक्या की तिथे दाखल करू नका म्हणून बायका गयावया करायच्या. इग्नाझ सेमेलवाइसच्या लक्षात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. त्याने मे महिन्यात क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बायका मेल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास. तरी अनेक वरिष्ठांनी त्याचं ऐकलं नाही. हातांमुळे आपणच मरण वाहून नेतोय, हे मान्य करणं त्यांना जड गेलं.

निळी शाई | गुरुवार, सकाळी ८:१०

गोवराचं मला ठाऊक नव्हतं. लसीच्या विरोधात मी नव्हतोच, पण "होऊ द्यावेत आजार" हे वाक्य मागे घेतो. माती ठेवतो.

काठावरचा | गुरुवार, दुपारी १:२०

थोडं वेगळं. घरात मुलीचे डोळे आलेत. तिच्याकडे बघू नका म्हणून सगळे मान फिरवून बोलतायत, तिला काळा चष्मा लावलाय. ती रडकुंडीला आलीय. काय खरं, काय खोटं?

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी ३:०५

तिच्याकडे खुशाल बघा आणि तिला जवळ घेऊन बोला. नजरेने डोळे येत नाहीत. डोळ्यातलं पाणी हाताला, हात उशीला, टॉवेलला, मोबाइलला, तिथून दुसऱ्याच्या डोळ्याला, ही त्याची वाट. चष्म्याने उजेड कमी टोचतो आणि डोळा चोळला जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. तिचा टॉवेल, अभ्रा, रुमाल वेगळे करा. डोळे स्वच्छ कापसाने आतून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस, आणि मग हात धुवा. दुसऱ्या कुणासाठी आणलेले थेंब तिला घालू नका. दुखणं जास्त असेल, दिसायला अंधुक झालं किंवा उजेड मुळीच सहन होईना, तर त्याच दिवशी डॉक्टर.

वर खरजेचं विचारलं होतं, तेही इथेच. ती किड्याची असते. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून खाजवत नसले तरी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं. एकेकट्याने लावलं तर ती घरातल्या घरात फिरत राहते. कपडे-अंथरुणं गरम पाण्यात धुवायची, धुता न येणारं पिशवीत घट्ट बांधून काही दिवस बाजूला.

दूरचा दिवा | गुरुवार, रात्री १०:५०

दोन दिवस वाचतेय. मेरी मॅलनचं वाचल्यावर राहवलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या मावशीला क्षयरोग झाला होता. घरच्यांनी तिचं ताट, वाटी, पेला वेगळा केला, पेल्याच्या बुडाला लाल धागा बांधला. औषध नियमित चालू होतं, काही आठवड्यांनी थुंकीच्या तपासणीत जंतू दिसायचे थांबले, सहा महिन्यांनी उपचार संपले. लाल धागा पुढे चार वर्षं तसाच होता. ती गेली तेव्हा तो पेला कुणीतरी केराच्या बादलीत टाकला. मी तो काढून घेतला. माझ्याकडे आहे अजून.

क्षयरोग ताटावाटीतून पसरत नाही हे मला खूप उशिरा कळलं. तो हवेतून पसरतो. म्हणजे तिच्या खोलीची खिडकी उघडी हवी होती, सुरुवातीचे आठवडे तिने मास्क लावायला हवा होता आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी होती. यातलं एकही झालं नाही. खिडकी तर थंडी लागेल म्हणून बंदच होती. ज्याने अडलं असतं ते कुणी केलं नाही, आणि ज्याने फक्त ती एकटी पडली ते सगळ्यांनी मन लावून केलं. त्यांचं प्रेम नव्हतं असं नाही. ते घाबरले होते.

रात्रपाळीताई पहिल्यापासून वाट ओळखा म्हणतायत, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. वाट कळली की माणसाला दूर लोटायची गरज पडत नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर लपवू नका, तपासून घ्या. उपचार नीट चालू झाले की बहुतेकांची लागण पसरवायची शक्ती काही आठवड्यांतच संपते.

खडूफळा | गुरुवार, रात्री ११:३०

दूरचा दिवा, तुमचं लिखाण वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. वर्गात एका मुलाला खरूज झाल्यावर मी त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं होतं. आज तसं केलं नसतं.

पाचवा मजला | शुक्रवार, सकाळी ९:४०

एक राहिलं. सर्दीला अँटिबायोटिक घेतलं तर लवकर थांबून पुढे पसरायचंही थांबतं का? आमच्याकडे मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या एकमेकांना देतात.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी २:२५

नाही. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. सर्दी एक दिवसानेही कमी होणार नाही, मात्र पोटातले जिवाणू त्या औषधाला सरावतील आणि उद्या खरी गरज पडेल तेव्हा ते लागू पडणार नाही. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा धोका बोलून दाखवला होता. उरलेल्या गोळ्या वाटणं आजपासून बंद करा, कृपा करून.

उंबरठा (धागाकर्ती) | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. जे घडलं ते सांगायला आले.

धागा वाचल्यावर घरात तीनच बदल केले. टॉवेल पाच झाले, पाच रंगांचे, पाच खिळ्यांवर, एकमेकांना टेकणार नाहीत असे. सासूबाईंनी स्वतःसाठी केशरी निवडला. न्हाणीघरात वरच्या फळीवर एक झाकणाची बादली ठेवली. तिच्यात हातमोजे, जुने कागद, पिशव्या, ब्लीचची बाटली आणि तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी, "१ लिटर = १०० मिलि, आम्ल मिसळू नये". आणि बेसिनपाशी सॅनिटायझर जाऊन साबण आला.

गुरुवारी थोरली शाळेतून आली आणि दारातच ओकली. हात-पाय थरथरले माझे, पण नवऱ्याने बादली खाली काढली. मी तिला घेऊन न्हाणीघरात, तो दारात. कागदाने टिपलं, पिशवी बांधली, ब्लीच ओतून घड्याळ लावलं. तिचे कपडे आत दुमडत गुंडाळले. खिडक्या उघडल्या. सासूबाईंना आतल्या खोलीत बसवलं आणि दाराआडून त्या थोरलीला गोष्ट सांगत राहिल्या, तिला एकटं वाटू नये म्हणून. स्वयंपाक दोन दिवस नवऱ्याने केला, प्रत्येक वेळी अंगठे धुऊन.

काल पहाटे नवऱ्यालाही झालं. त्यामुळे सगळं अडलं असं म्हणता येणार नाही, बहुधा दारातलं पुसताना त्याच्याकडून काहीतरी राहिलं. काल सकाळपासून मी रांधतेय. धाकट्याला, मला आणि सासूबाईंना अजून काही नाही, चौथा दिवस चालू आहे. नवऱ्याला शेवटची उलटी काल दुपारी एकला झाली, म्हणजे उद्या दुपारी एकपर्यंत तो स्वयंपाकघराच्या बाहेर.

रात्रपाळीताई, एकच विचारायचंय. हातमोजे काढताना बाहेरची बाजू हाताला लागते. ते कसं टाळायचं?

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:५०

एका मोज्याला मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरा आणि उलटा करत ओढून काढा. तो दुसऱ्या, मोजा घातलेल्या मुठीत गोळा करून धरा. आता उघड्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आतून, कातडीच्या बाजूने सरकवा आणि तोही उलटा करत पहिल्यावरून काढा. दोन्ही मिळून एक पुडी होते, घाण आत राहते. ती पिशवीत. मग साबणाने हात धुवा, मोजे होते तरी. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. उद्या रात्रीपर्यंत त्यांना काही झालं नाही तर इथे दोन ओळी लिहा, मी कामावरून आल्यावर बघेन.